‘डोंबिवली फास्ट’ पाहिला आणि आमच्या भिशीत भांडण झालं!

भिशीच्या दिवशी काय काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगणार! चिठ्ठी निघते, जिची निघते ती लाजत लाजत पैसे मोजून घेते, मग खाणं, मग गप्पा. गप्पांत सासू, सून, गॅसचा भाव आणि मुलांचे मार्क. आमच्या भिशीत आम्ही नऊ जणी आहोत आणि गेली सहा वर्षं हाच कार्यक्रम चालू आहे. गेल्या महिन्यात भिशी माझ्याकडे होती. मी म्हटलं, या वेळी जरा वेगळं काही करू. साबुदाणावड्यांची तयारी करून ठेवली, दुपारी दोनला सगळ्यांना बोलावलं आणि टीव्हीवर एक जुना मराठी सिनेमा लावला, ‘डोंबिवली फास्ट’.

सिनेमा संपला तेव्हा वडे गार होऊन गेले होते आणि चिठ्ठी काढायची तशीच राहिली होती. कारण आमच्यात चक्क भांडण जुंपलं होतं! आवाज इतके चढले की शेजारच्या आजी काठी टेकत टेकत ‘काय झालं गं?’ म्हणून विचारायला आल्या.

तसं भांडण कशावरून, तर एका प्रश्नावरून. माधव आपटे बरोबर की चूक?

तेच भांडण आज मी तुमच्यापुढे मांडणार आहे. आणि त्या भांडणातून माझ्याच घरातली एक झाकून ठेवलेली गोष्ट कशी वर आली, तेही सांगणार आहे.

हा माधव आपटे कोण?

ज्यांनी सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘डोंबिवली फास्ट’ २००५ साली आला. निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला सिनेमा. पुढे त्यांनी हिंदीत ‘मुंबई मेरी जान’, ‘दृश्यम’ आणि मराठीत ‘लय भारी’ असे मोठमोठे सिनेमे केले. २०२० च्या ऑगस्टमध्ये ते गेले. पण आमच्यासारख्या अनेकांना ते आठवतात ते या पहिल्या सिनेमामुळेच. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. नंतर २००७ मध्ये कामतांनीच तो तमिळमध्ये पुन्हा केला. त्यात माधवन होता.

यातला माधव आपटे म्हणजे संदीप कुलकर्णी. ‘श्वास’मधले डॉक्टर आठवतात ना? तेच. माधव बँकेत नोकरीला. डोंबिवलीत घर, बायको अलका, दोन मुलं. रोज सकाळी उठायचं, आवरायचं, स्टेशन गाठायचं, गर्दीत स्वतःला कोंबून मुंबईला जायचं, संध्याकाळी तसंच परत यायचं. तोच दिवस पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. माणूस अगदी सरळ. लाच द्यायची नाही, घ्यायची नाही, रांग मोडायची नाही. पण आजूबाजूला सगळे रांग मोडणारेच! आणि एक दिवस या माणसाच्या डोक्यातलं काहीतरी तुटतं. हातात क्रिकेटची बॅट घेऊन तो मुंबईभर फिरतो आणि जिथे चुकीचं दिसेल तिथे बॅट चालवतो. थंड पेयाचे छापील किमतीहून जास्त पैसे मागणारा दुकानदारसुद्धा त्यातून सुटत नाही. पोलीस त्याच्या मागावर लागतात. शेवट काय होतो ते मी सांगत नाही. ज्यांना बघायचा आहे त्यांची मजा कशाला घालवू?

यात बागेतली गाणी नाहीत, परदेशातली दृश्यं नाहीत. आपल्या रस्त्यावर दिसतील तशीच माणसं आहेत. म्हणूनच तो बघताना माणूस गप्प बसत नाही, बोलायला लागतो.

नऊ जणी, नऊ मतं

सुरुवात केली आमच्यातल्या सगळ्यात वडील काकूंनी. त्यांचे यजमान पोस्टातून निवृत्त झाले. काकू म्हणाल्या, “असा एक तरी माणूस प्रत्येक गल्लीत हवा. बोलून बोलून कुणी ऐकत नाही. आमच्या ह्यांनी आयुष्यभर अर्ज लिहिले, काय झालं? बॅट घेतल्याशिवाय कुणाला समजत नाही.”

यावर किराणा दुकानवाल्या वहिनी एकदम उसळल्या. “म्हणजे दुकानदार तेवढा चोर का? सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत आम्ही गल्ल्यावर बसतो. फ्रिजचं वीजबिल कोण भरतं? आणि उधारी बुडवणारे पांढरपेशे काय कमी आहेत? त्यांना बॅटनं मारायला कुणी येतं का?” हे त्या अशा काही बोलल्या की उधारीची वही असलेल्या आम्ही दोघी-तिघी एकदम वड्यांकडे बघायला लागलो.

मग बोलल्या आमच्या हवालदारवहिनी. त्या फारशा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “तुम्ही सगळ्या माधवकडे बघताय. मी त्या अनासपुरेकडे बघत होते.” इन्स्पेक्टर सुभाष अनासपुरे म्हणजे माधवचा माग काढणारा पोलीस. संदेश जाधव यांनी ते काम केलं आहे. “त्याला माधवचं पटतं, पण त्याला पकडायचंही आहे. आमच्याकडे हे रोज असतं. बंदोबस्त बारा बारा तासांचा, वरून शिव्या, खालून शिव्या. त्याच्या घरी कोण वाट बघत होतं, ते कुणाला दिसलं का?” खरं सांगते, मला नव्हतं दिसलं.

नुकतंच लग्न होऊन आलेली एक मुलगी आमच्या भिशीत आहे. घरात बसून संगणकावर पुण्याच्या कंपनीचं काम करते. तिला सिनेमाच पटला नाही. ती म्हणाली, “हा राग नाही हो काकू, हा आजार आहे. माणूस रात्र रात्र झोपत नाही, कुणाशी बोलत नाही, त्याला डॉक्टरकडे न्यायचं की हिरो करायचं? आणि बायकोशी दोन शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं?” काकूंना हे काही आवडलं नाही. “आमच्या वेळी असले डॉक्टर नव्हते,” असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. पण मला वाटतं, मुलगी बोलली त्यात तथ्य होतं.

शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंचा आक्षेप वेगळाच. त्या म्हणाल्या, हे सगळं इंग्रजीत आधीच होऊन गेलंय. १९९३ साली ‘फॉलिंग डाउन’ नावाचा अमेरिकन सिनेमा आला होता. मायकेल डग्लस लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर वाहनांच्या खोळंब्यात मोटार सोडून देतो आणि चालत सुटतो. त्यातही थंड पेयाच्या किमतीवरून दुकानात राडा होतो, त्यातही बॅट आहे. मग यात नवीन ते काय?

बाईंचं म्हणणं खोटं नाही. दोन्ही सिनेमांतलं साम्य उघड आहे. पण मला एक फरक दिसला आणि तो आपल्या दृष्टीनं फार मोठा आहे. त्या अमेरिकन सिनेमातल्या माणसाचा संसार आधीच मोडलेला असतो. बायको वेगळी झालेली, मुलगी तिच्याकडे. तो चालत निघतो तो त्या घराकडे, जिथे त्याला आता जागा नाही. माधव आपटेचं तसं नाही. त्याच्या घरी गॅसवर भात आहे. बायको आहे, मुलं आहेत, उद्याची शाळा आहे. तो तुटतो तो भरल्या संसारातून. आणि तो बाहेर बॅट घेऊन फिरत असताना घरी अलका आहे.

आणि इथे खरं भांडण सुरू झालं. कारण अलकावरून आमचे सरळ दोन तट पडले.

अलकाचं काय चुकलं?

शिल्पा तुळसकर हिने अलकाचं काम केलंय. अलका काही वाईट बाई नाही. तिला मुलांचं नीट व्हावं असं वाटतं. जग जसं आहे तसं घेऊन चालावं, थोडं जमवून घ्यावं, असं तिचं म्हणणं. नवरा मात्र तसूभर हलायला तयार नाही. मग तिची चिडचिड होते आणि ती बोलते.

आमच्यातल्या चौघी म्हणाल्या, हिच्या बोलण्यानंच तो वेडा झाला. घरी आल्यावर दोन घोट चहा सुखानं प्यायला मिळाला असता तर बॅट हातात घेतली नसती. बाकीच्या म्हणाल्या, वा! म्हणजे बाहेर जगानं छळायचं आणि दोष बायकोच्या तोंडाचा? तत्त्व त्याचं आणि त्याची किंमत मोजायची तिनं?

मी मात्र गप्प होते. कारण हाच सिनेमा मी पूर्वी एकदा पाहिला होता आणि तेव्हा माझं मत अगदी वेगळं होतं.

माझं माहेर डोंबिवलीचं. सासर साताऱ्याकडे आलं म्हणून आता मी मोकळ्या हवेत राहते, पण वाढले ती डोंबिवली पूर्वेला, दोन खोल्यांच्या घरात. डोंबिवली म्हणजे पांढरपेशांचं गाव. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची प्रथा १९९९ साली तिथूनच सुरू झाली, याचा आम्हाला केवढा अभिमान! आणि त्याच डोंबिवलीतून रोज सकाळी लाखो माणसं लोकलला लोंबकळत मुंबईला जातात. ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर. अंतर अठ्ठेचाळीस किलोमीटर. माझे बाबा एकतीस वर्षं ती ‘फास्ट’ पकडत होते. तिघांच्या बाकावर चौथा म्हणून अर्धं अंग टेकायला मिळालं, तरी त्या दिवशी ते घरी खुशीत यायचे. खिडकीची जागा ही तर सणासुदीची गोष्ट!

२००५ साली मी अठरा वर्षांची होते, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. आई, बाबा, भाऊ आणि मी थिएटरात जाऊन सिनेमा पाहिला. पडद्यावर बॅट फिरली की प्रेक्षक शिट्ट्या मारत होते. मीही टाळ्या वाजवल्या. आणि अलका बोलायला लागली की मला तिचा असा राग यायचा! वाटायचं, एवढा चांगला नवरा मिळालाय आणि ही बाई रोज त्याच्या कानाशी किरकिर करते. मी असते तर अशी वागलेच नसते!

बाबा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आई मात्र गॅसवर दूध ठेवता ठेवता एवढंच म्हणाली, “त्या अलकानं त्या रात्री स्वयंपाक केला असेल का गं? आणि केला असेल तर तो कुणाच्या घशाखाली उतरला असेल?”

मला तेव्हा आईचा रागच आला. म्हटलं, एवढा मोठा विषय आणि हिला स्वयंपाकाचं पडलंय!

आता मी अडतिशीत आहे. दोन मुलं आहेत. घर सांभाळून एका शाळेत अर्धवेळ मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवते. परवा तोच सिनेमा पाहताना मी माधवकडे बघतच नव्हते. मी अलकाकडे बघत होते. तिच्या डोळ्यांखालची काळजी मला ओळखीची होती. आणि आईचं ते वाक्य वीस वर्षांनी माझ्या कानात असं वाजलं की विचारू नका.

आमच्या घरातली अलका

आता जे सांगणार आहे ते लिहिण्याआधी ह्यांना विचारलं आहे. “लिही,” म्हणाले, म्हणून लिहिते.

आमचे हे एका सरकारी कचेरीत हिशेबाच्या टेबलावर आहेत. त्या टेबलावर बसून हात कोरडे ठेवणं किती कठीण, ते ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनाच कळेल. ह्यांनी ते ठेवले आहेत. त्यामुळे आमच्याकडे स्कूटर जुनी आहे आणि झोप चांगली आहे, असं मी गमतीनं म्हणते.

चार वर्षांपूर्वी मुलाच्या शाळाप्रवेशाची वेळ आली. ज्या शाळेत घालायचं मनात होतं तिथे ‘इमारत निधी’ म्हणून पंधरा हजार रुपये मागितले. पावती मिळणार नाही, असंही सांगितलं. हे म्हणाले, “पावती नाही तर पैसे नाहीत. दुसऱ्या शाळेत घालू.” दुसरी शाळा लांब होती, रस्ता ओलांडून जायची. दोन रात्री मी झोपले नाही. मी बोलले, चिडले, रडले. अगदी अलकासारखी! हे जागचे हलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी शिकवणीचे साठवलेले पैसे घेतले, एकटी शाळेत गेले आणि देऊन आले. घरी येऊन ह्यांना सांगितलं, “जागा शिल्लक होती, झालं आपलं काम.” ह्यांना इतका आनंद झाला! म्हणाले, “बघ, मी म्हणत नव्हतो? सरळ राहिलं की सरळ होतं.”

ते वाक्य चार वर्षं माझ्या पोटात दगडासारखं बसलं होतं. त्यांना वाटत होतं त्यांचं तत्त्व जिंकलं, आणि मला माहीत होतं की माझे पंधरा हजार जिंकले.

म्हणून भिशीत जेव्हा चौघी म्हणाल्या, “अलकाचं चुकलं,” आणि बाकीच्या म्हणाल्या, “नाही चुकलं,” तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना.

सासूबाई इतका वेळ कोपऱ्यात बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी सिनेमा सगळा पाहिला होता. भांडण शिगेला पोचलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मी सांगू? ह्यांनासुद्धा मी जन्मभर ‘व्यवहार शिका, व्यवहार शिका’ म्हणत राहिले. ते गेले तेव्हा अख्खा गाव स्मशानात आला होता. मला वाटलं, हे गावाला माहीत होतं, मी मात्र कधी एकदाही त्यांना म्हटलं नाही की तुम्ही बरोबर आहात.” आणि जरा थांबून म्हणाल्या, “पण त्यांनीही मला कधी विचारलं नाही की तुला कसं भागवावं लागतं.”

सगळ्या जणी गप्प झाल्या. त्यानंतर कुणी भांडलं नाही. वडे पुन्हा गरम केले, चिठ्ठी काढली, ती हवालदारवहिनींची निघाली.

बॅट आणि दहा रुपयांचा अर्ज

दुसऱ्या दिवशी शाळेत नागरिकशास्त्राचा धडा काढताना एक गंमत लक्षात आली. ‘डोंबिवली फास्ट’ आला २००५ साली. देशाचा माहितीचा अधिकार कायदा अमलात आला तोही २००५ सालीच, १२ ऑक्टोबरला. महाराष्ट्रात तर त्याआधी २००२ मध्येच आपला स्वतःचा तसा कायदा झाला होता. म्हणजे ज्या वर्षी पडद्यावर माधवनं बॅट उचलली, त्याच वर्षी तुमच्याआमच्या हातात दहा रुपयांचा अर्ज आला. सरकारी कचेरीला साधारण तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

छापील किमतीहून जास्त पैसे घेणं हा गुन्हाच आहे. थंड करून देण्याचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. दुकानवाल्या वहिनी रागावतील, पण त्यांनाही हे माहीत आहे आणि त्या तसे घेतही नाहीत. कुणी घेतले तर वैधमापन शास्त्राच्या कचेरीत तक्रार करता येते, नाहीतर ग्राहकांसाठी असलेल्या १९१५ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करता येतो. शाळाप्रवेशासाठी अशी देणगी उकळायला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानंही. हे सगळं मी वर्गात मुलांना शिकवते. आणि स्वतः मात्र पंधरा हजार रुपये बिनपावतीचे देऊन आले होते! फळ्याकडे तोंड करून उभी राहिले तेव्हा खडू हातात तसाच राहिला.

तुम्ही म्हणाल, कायदे पुस्तकात असतात, मूल मात्र घरात असतं. अगदी बरोबर. अर्ज करणाऱ्या आईच्या मुलाला शाळेत कसं वागवतील, ही भीती मला होती आणि ती खोटी नव्हती. कायदा आहे, पण एकटीनं त्याच्यामागे उभं राहायला बळ लागतं. माधव आपटेचीही गत हीच. तो एकटा होता. बाहेर एकटा आणि घरातही एकटा. अलकाही एकटी. एका छपराखाली दोन माणसं, दोघंही आपापल्या परीनं बरोबर, आणि दोघांमध्ये बोलणं नाही. मला तर वाटतं, सिनेमाची गोष्ट बॅटपासून नाही, या न बोलण्यापासून सुरू होते.

म्हणून ‘माधव बरोबर की चूक’ याचं माझं उत्तर ऐका. त्याचा राग बरोबर, बॅट चूक. अलकाची काळजी बरोबर, आणि ‘जग असंच चालायचं’ हे तिचं म्हणणं चूक. पण या चारही गोष्टी त्यांनी एकमेकांना कधी बसून सांगितल्या असत्या, तर कदाचित सिनेमाच झाला नसता!

त्या रात्री

भिशीच्या दुसऱ्या रात्री, मुलं झोपल्यावर, मी ह्यांना सगळं सांगितलं. इमारत निधी, शिकवणीचे पैसे, ‘जागा शिल्लक होती’ हे खोटं, सगळं. हे काही बोलले नाहीत. उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. दोन दिवस घरात फक्त ‘डबा घेतलात का’ आणि ‘हो’ एवढंच बोलणं. सासूबाईंना सगळं कळत होतं, पण त्यांनी एक अक्षर विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना हे एकदम म्हणाले, “पावती दिली नाहीच ना?”

मी म्हटलं, “नाही.”

“मग आता धाकटीच्या वेळी काय करायचं?”

बघा, ‘तू काय केलंस’ असं नाही. ‘काय करायचं’! माझा घास घशातच अडकला. येत्या जूनमध्ये धाकटीला त्याच शाळेत घालायचं आहे. आम्ही ठरवलंय की दोघांनी मिळून जायचं. निधी मागितला तर हसतमुखानं पावती मागायची. नाही म्हणाले तर लेखी द्या म्हणायचं. पोस्टातल्या काकूंचे यजमान अर्ज लिहायला तयार आहेत, त्यांचा हात बसलेला आहे! आणि भिशीतल्या आणखी दोघींची मुलं याच वर्षी शाळेत जायची आहेत, त्याही बरोबर येणार आहेत. तीन घरांनी एकदम पावती मागितली तर काय होतं, ते बघू तरी. प्रवेश मिळाला नाही तर लांबची शाळा आहेच. तिथे सोडायला एक आठवडा हे जातील, एक आठवडा मी जाईन. हेही दोघांनी मिळूनच ठरवलंय.

जमेल की नाही, आज सांगता येत नाही. जूनमध्ये मी पुन्हा इमारत निधीपुढे वाकले असंही होईल. पण या वेळी जे होईल ते ह्यांना न सांगता होणार नाही, एवढं नक्की.

आईला फोन करून हे सगळं सांगितलं. म्हटलं, “आई, त्या अलकाच्या स्वयंपाकाचं तू म्हणाली होतीस ना, ते मला आत्ता कळलं.” ती हसली. म्हणाली, “तुझे बाबा त्या रात्री का बोलले नाहीत माहितेय? दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेताना मला म्हणाले, तुला फार त्रास दिला का गं मी?” एकतीस वर्षांच्या लोकलप्रवासात बाबांनी आईला विचारलेला तो पहिलाच असा प्रश्न. आणि त्यासाठी एक सिनेमा यावा लागला!

तेव्हा मैत्रिणींनो, ‘डोंबिवली फास्ट’ मिळाला तर जरूर बघा. एकट्या बघू नका, घरच्यांना बरोबर घेऊन बघा. मारामारीची दृश्यं आहेत, म्हणून लहान मुलांना आधी झोपवा. आणि सिनेमा संपला की लगेच उठून भांडी घासायला जाऊ नका. भांडी कुठे पळून जातात? बसा, आणि एकमेकांना विचारा की माधव बरोबर की चूक. उत्तर काहीही येऊ दे. त्यानंतर जे बोलणं निघेल, ते फार दिवसांचं राहिलेलं असेल.

आणि हो, वडे मात्र सिनेमा संपल्यावरच तळा!